मसाला घरी दळायचा की पाकीट फोडायचं? सावजी रश्श्याच्या निमित्तानं

(हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. बोलताना येणारे ‘अं’, ‘म्हणजे बघा’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि रविवारी भाजी करायच्या आधी एकदा नजर टाका.)

मी कळमेश्वरहून बोलतोय. पेशानं सॉफ्टवेअरवाला, बीटेक झालेला, त्यामुळे आज स्वयंपाकघरातला विषय असला तरी थोडी गणितं येणार. घाबरू नका, सहावीच्या पुस्तकातलीच आहेत.

आपल्याला येणाऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. पोरगं नागपूर जिल्ह्यातलं, नोकरीला पुण्यात नाही तर बंगळुरूला. रूमवर स्वयंपाक करतं. घरून आणलेला मसाला आहे तोवर रस्सा बरा होतो. तो संपला की दुकानातून पाकीट येतं, आणि मग तीच भाजी, तेवढंच तेल, तेवढंच तिखट, पण चव काही लागत नाही. काहून?

आज तीन गोष्टी बघू. मसाल्याचा वास नेमका जातो कुठं? घरी दळल्यानं भेसळीपासून खरंच सुटका होते का? आणि छोट्या मिक्सरमध्ये मसाला नीट दळायचा कसा?

आधी सावजीबद्दल

नागपूरकडचा माणूस मसाल्यावर बोलतो म्हटल्यावर सावजी येणारच. हे जेवण मूळचं हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं. नागपूर हे कापडाचं गाव. घरोघरी हातमाग होते, आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथंच सुरू झाली. पुढे मागाचा धंदा बसत गेला तशी काही कोष्टी कुटुंबांनी घरचंच जेवण विकायला सुरुवात केली. गोळीबार चौक, महाल, इतवारी अशा भागांतून सावजी भोजनालयं वाढली आणि आता ती पाटी पुण्यामुंबईतही दिसते.

सावजी म्हणजे नुसतं जाळ तिखट, असा बाहेरच्या लोकांचा समज आहे. पण खाणाऱ्याला माहीत असतं की तिखटाच्या मागे अख्ख्या मसाल्यांची मोठी फौज असते. धणे, मिरे, लवंग, कलमी, तेजपान, मोठी विलायची, दगडफूल, जायपत्री, खसखस, सुकं खोबरं. पुण्याच्या मित्रांसाठी सांगतो, कलमी म्हणजे दालचिनी आणि तेजपान म्हणजे तमालपत्र. मसाले किती पडतात यावर एकमत नाही. कुणी सोळा सांगतं, कुणी बत्तीस, आणि प्रत्येकजण आपलीच यादी खरी म्हणतो. पण एका गोष्टीवर सगळे एकमतानं बोलतात: मसाला भाजायचा आणि ताजा वाटायचा. पूर्वी हे काम पाट्या-वरवंट्यावर व्हायचं आणि रस्सा जवसाच्या तेलात शिजायचा.

आता ‘ताजा वाटायचा’ हा नुसता म्हाताऱ्या माणसांचा हट्ट आहे की त्यात काही अर्थ आहे, ते पाहू.

वास येतोय म्हणजे तो उडतोय

मसाल्याचा वास म्हणजे त्यातलं उडून जाणारं तेल. लवंगेत युजेनॉल असतं, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, जिऱ्यात क्युमिनाल्डिहाइड, धण्यात लिनालूल, विलायचीत सिनिओल. नावं पाठ करू नका. एवढंच लक्षात ठेवा की ही सगळी हवेत उडणारी रसायनं आहेत. उडतात म्हणूनच नाकापर्यंत पोचतात. त्यामुळे डबा उघडल्यावर घरभर घमघमाट सुटला तर खूश होऊ नका. जो वास घरात पसरला तो रश्श्यात जाणार नाही.

अख्ख्या दाण्यात हे तेल आतल्या बारीक पेशींमध्ये बंद असतं. वरून टणक साल. निसर्गानं दिलेलं पॅकिंगच म्हणा. दळलं की ते पॅकिंग फुटतं.

किती फुटतं? गणित करू. काळ्या मिऱ्याचा एक दाणा साधारण ५ मिलिमीटरचा. हिशेब सोपा जावा म्हणून तो गोल नसून चौकोनी ठोकळा आहे असं धरा. त्याला सहा बाजू, प्रत्येकीचं क्षेत्रफळ २५ चौरस मिलिमीटर. एकूण १५० चौरस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढं. आता तो दळून ०.१ मिलिमीटरचे कण केले. किती कण झाले? ५० गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे १ लाख २५ हजार. प्रत्येकाचा पृष्ठभाग ०.०६ चौरस मिलिमीटर. सगळे मिळून ७,५०० चौरस मिलिमीटर. मूळच्या ५० पट! नखाएवढी जागा होती, ती तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनच्या पाऊण भागाएवढी झाली. तीही एका दाण्यापासून.

एवढ्या सगळ्या जागेवरून आता तेल उडणार आणि हवेतला ऑक्सिजन आत शिरणार. म्हणून अख्खे मिरे वर्षभर डब्यात टिकतात आणि मिरपूड काही आठवड्यांत मवाळ होते. दुकानातलं पाकीट वाईट असतं असं नाही. ते दळलं केव्हा, गोदामात किती दिवस होतं, दुकानाच्या उन्हाच्या बाजूला किती दिवस लटकलं, हे आपल्याला कळत नाही. खरा फरक तिथं पडतो.

सगळंच घरी दळायचं नसतं

आता इथं बरेच व्हिडिओवाले गडबड करतात. ‘सगळं घरीच दळा’ म्हणून मोकळे होतात. तसं नसतं. मसाल्याचे दोन गट करा.

पहिला गट वासाचा. जिरे, धणे, मिरे, लवंग, विलायची, कलमी, जायपत्री, चक्रीफूल. यांचा जीव उडणाऱ्या तेलात. हे घरी, थोडं थोडं, पंधरा दिवसांना पुरेल एवढंच दळायचं. जायफळ तर दळायचंही नाही, वेळेवर किसून घालायचं.

दुसरा गट रंगाचा आणि तिखटपणाचा. मिरची आणि हळद. मिरचीचा झोंबरेपणा कॅप्सेसिनचा, हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा. ही दोन्ही रसायनं सहजासहजी उडत नाहीत. म्हणून वर्षाचं तिखट एकदाच करून ठेवलं तरी पुढच्या वर्षीही ते झोंबतंच. रंग मात्र उजेडात फिका पडतो. त्यासाठी डबा अंधारात ठेवायचा.

आपल्याकडे मार्च ते मे मध्ये वर्षाचं तिखट करतात त्यालाही कारण आहे. विदर्भातला उन्हाळा कोरडा. मिरची अशी कडकडीत वाळते की हातात चुरते. पावसाळ्यात हेच काम काढलं तर ओल राहते आणि ओल राहिली की बुरशी. वाळलेली मिरची कांडपावर न्यायची. तिथं तिखट कुटलं जातं, कमी वेगात. वाळलेली हळकुंडं तर घरच्या मिक्सरमध्ये टाकूच नका. दगडासारखी असतात, पातं वाकेल नाही तर भांडं फुटेल. ती चक्कीवाल्याचं काम आहे.

आणि माल जवळचाच आहे बरं. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला जीआय मानांकन आहे. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे. भिवापूरकडे मिरचीचे सातरे लागतात, तिथं बाया दिवसभर बसून देठ खुडतात. बोटांची आग घेऊन घरी जातात. आपल्या ताटातल्या लाल रंगामागे ते हात आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

भेसळीपासून सुटका होते का?

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. लक्ष देऊन ऐका, म्हणजे वाचा.

दळलेल्या मसाल्यात भेसळ करणं सोपं असतं, कारण डोळ्याला ओळखू येत नाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये मोठा गोंधळ झाला होता. एका सॉसमध्ये वापरलेल्या लाल तिखटात सुदान-१ नावाचा कारखान्यातला रंग निघाला. तो सॉस पुढे इतर पदार्थांत गेलेला होता, त्यामुळे शेकडो पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले. एका तिखटाच्या पुडीपासून एवढी साखळी. आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररीत बग होता आणि ती लायब्ररी सगळ्यांनी वापरली होती.

अख्खी मिरची घेतली तर हा रंग मिसळायला जागा फार कमी. तेवढा फायदा नक्की. पण अख्खा मसाला म्हणजे आपोआप शुद्ध, असं समजू नका. तीन उदाहरणं सांगतो.

एक, हळद. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळायचे. हा शिसं असलेला रंग. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार वाईट. २०१९ मध्ये हे प्रकरण संशोधकांनी उघड केलं. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत हा प्रकार आढळला होता. सरकारनं धाडी टाकल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबतं. पण बघा, भेसळ अख्ख्या हळकुंडावर होती. ते घरी आणून दळलं असतं तरी शिसं पोटात गेलंच असतं. म्हणून अतिचमकदार हळकुंड दिसलं की मोहात पडू नका. मळकट दिसणारं बरं.

दोन, निर्जंतुकीकरणाचा वायू. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा केंद्रानं दोन भारतीय ब्रँडच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ सिंगापूरनंही एक मसाला परत मागवला. मसाल्यातले जंतू मारायला हा वायू वापरतात. त्याचे अंश पोटात जाणं चांगलं नाही, कारण तो कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत आहे. हा वायू अख्ख्या मसाल्यालाही देता येतो. तेव्हा ‘मी घरी दळतो, मला चिंता नाही’ हे इथं चालत नाही.

तीन, बुरशी. ओलसर मिरचीवर येणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते भाजल्यानं पूर्ण जात नाही. मिरची मोडून आत बघा. आत करडी-काळी बुरशी दिसली, कुबट वास आला तर ती मिरची फेकायची. ‘भाजून घेऊ, काही होत नाही’ असं करायचं नाही. हे काम पाकीट आणलं तर तुम्ही करूच शकत नाही. घरी दळणाऱ्याचा खरा फायदा हा आहे: दळण्याआधी माल डोळ्यांखालून जातो.

काही साध्या चाचण्या घरीही होतात. ग्लासभर पाणी घ्या. त्यात मिरे टाका. चांगले मिरे तळाशी बसतात, त्यात मिसळलेल्या पपईच्या बिया वर तरंगतात. लवंगाही टाकून बघा. चांगली लवंग बुडते. जिचं तेल आधीच काढून घेतलंय ती तरंगते. तिखट पाण्यावर भुरभुरलं आणि लाल रंगाच्या रेघा खाली उतरायला लागल्या तर रंग मिसळलेला असू शकतो. या चाचण्या आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, एफएसएसएआयनं, सामान्य लोकांसाठी सांगितलेल्या आहेत. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत या पाण्याच्या चाचणीवर विसंबून राहू नका. ते खात्रीनं प्रयोगशाळेतच कळतं.

भाजायचं कशाला?

भाजण्याची दोन कामं. पहिलं, ओल घालवणं. ओलसर धणा मिक्सरमध्ये चेपला जातो, कोरडा धणा तुटतो. बारीक दळण हवं तर दाणा कुरकुरीत पाहिजे. दुसरं काम चवीचं. उष्णतेनं दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांशी जुळून नवे वास तयार होतात. कच्च्या जिऱ्याचा वास आणि भाजलेल्या जिऱ्याचा वास वेगळा येतो तो यामुळे. पोळीवरच्या तपकिरी डागाला जी चव असते तीच ही गोष्ट.

पण भाजताना तेल उडतंही. म्हणून मंद आच आणि कमी वेळ. आणि सगळं एकदम कढईत टाकायचं नाही. मोठी विलायची गरम होईपर्यंत खसखस जळून कोळसा होते. क्रम असा ठेवा: आधी कलमी, मोठी विलायची, चक्रीफूल. मग लवंग, मिरे. मग धणे. मग जिरे, शहाजिरे. तेजपान आणि दगडफूल शेवटी, नुसते गरम करायचे. खसखस वेगळी, तडतडायच्या आत उतरवायची. दगडफूल हे फूल नाहीच बरं का. शेवाळ आणि बुरशी एकत्र राहून बनलेला तो जीव आहे, दगडावर वाढतो. त्यात माती असते, निवडून घ्या.

भाजून झालं की ताटात पसरवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम मसाला मिक्सरमध्ये टाकला तर वाफ धरते आणि गोळे होतात.

मिक्सरला समजून घ्या

आपल्या मिक्सरची गोष्ट मजेशीर आहे. सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनियर सीमेन्समध्ये होते. त्यांच्या घरी ब्राऊनचा परदेशी मिक्सर होता. तो आपल्या दळणापुढे टिकला नाही, बंद पडला. मग त्यांनी भारतीय स्वयंपाकाला झेपेल असा दणकट मोटरचा मिक्सर बनवायला घेतला. १९६३ साली सुरू झालेल्या त्या कामातून ‘सुमीत’ आला. पुढची कितीतरी वर्षं मिक्सर म्हणजे सुमीतच. परदेशी यंत्र हळद-मिरची बघून बनलेलं नव्हतं. युजर वेगळा असेल तर डिझाइन वेगळं लागतं, हे आम्हाला कॉलेजात शिकवायला हवं होतं असं उदाहरण आहे.

आता पाटा आणि मिक्सर यात फरक काय? पाट्यावर वरवंटा हळू फिरतो, दाणा चिरडला जातो, उष्णता फार होत नाही. मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. दाणा पात्यावर, भांड्याच्या भिंतीवर आपटतो. या सगळ्या आपटाआपटीतून उष्णता तयार होते. दोन मिनिटं सलग फिरवा आणि भांड्याला हात लावून बघा. तेवढ्या उष्णतेत सगळ्यात हलकं तेल पळून जातं. मोठ्या कारखान्यांत यावर उपाय म्हणून उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन सोडून थंड दळण करतात. आपल्याकडे नायट्रोजन नाही, पण बटण आहे. तेवढं पुरतं.

पद्धत अशी:

१. छोटं चटणीचं भांडं घ्या. पूर्ण कोरडं. अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, पण पातं बुडेल एवढं तरी पाहिजे.

२. कलमी, चक्रीफूल, मोठी विलायची आधी खलबत्त्यात मोडून घ्या.

३. बटण उलट्या बाजूला, म्हणजे ‘पल्स’ला, दहा सेकंद. मग अर्धा मिनिट थांबा. भांडं हलवा. परत दहा सेकंद. असं पाच-सहा वेळा.

४. झाकण लगेच उघडू नका. दोन मिनिटं थांबा. उडालेली पूड खाली बसते, वासही खाली राहतो आणि ठसकाही लागत नाही. मिरची दळली असेल तर हे सक्तीचं समजा. खिडकी उघडी, नाकाला रुमाल, लहान मुलं आणि दमेकरी माणूस दुसऱ्या खोलीत.

५. चाळून घ्या. वर राहिलेला भरडा पुढच्या दळणात टाका.

मध्येच मिक्सर बंद पडला तर जळाला असं लगेच समजू नका. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी लाल बटण असतं. मोटर तापली की ते आपोआप सुटतं. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा. लगेच परत बंद पडला तर भांडं जास्त भरलंय.

एक साधं प्रमाण

हे काही कुठल्या भोजनालयाचं गुपित नाही. सुरुवात करणाऱ्यासाठी वासाच्या मसाल्याचा पाया आहे, दोघांना पंधरा दिवस आरामात पुरेल:

धणे ५० ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम, मिरे १० ग्रॅम, कलमी ८ ग्रॅम, लवंग ५ ग्रॅम, शहाजिरे ५ ग्रॅम, मोठी विलायची ५ ग्रॅम, चक्रीफूल ५ ग्रॅम, दगडफूल ५ ग्रॅम, जायपत्री २ ग्रॅम, तेजपानाची ३-४ पानं.

यात खसखस आणि खोबरं मुद्दाम घेतलं नाही. दोन्हींत भरपूर तेल असतं. दळून डब्यात ठेवलं की खवट होतं, आणि सगळ्या मसाल्याला तो खवट वास लागतो. म्हणून कोरडा पाया डब्यात, आणि खोबरं-खसखस भाजून त्या दिवशी वाटायचं. तिखटही यात नाही. ते वेगळं ठेवलं की घरात कमी तिखट खाणारा माणूस असला तरी अडचण येत नाही.

कढईत काय होतं?

मसाल्यातली वासाची, रंगाची आणि तिखटाची रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून आपण तेलात मसाला परततो. रश्श्यावरची लाल तर्री म्हणजे मिरचीचा रंग पिऊन बसलेलं तेल.

‘तेल सुटेपर्यंत परता’ असं आई म्हणते, त्यामागेही हिशेब आहे. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात पाणी असतं. जोवर पाणी आहे तोवर वाटणाचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की तापमान चढतं, कांदा-खोबरं खमंग होतं आणि तेल कडेनं वेगळं दिसायला लागतं. तेल सुटणं हा सिग्नल आहे. त्याआधी पाणी ओतलं तर रस्सा कच्चा लागतो, मग कितीही महाग मसाला असू द्या.

कोरडी पूड उकळत्या तेलात थेट टाकू नका, पाच सेकंदात जळते. गॅस बारीक करा, किंवा पूड दोन चमचे पाण्यात कालवून टाका. आणि मसाला दोन हप्त्यांत घाला. पाऊण भाग परतताना, पाव भाग गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी, वर झाकण. पहिल्या हप्त्यानं चव मुरते, दुसऱ्यानं उडून गेलेला वास भरून निघतो. वरून सांबार घाला. पुणेकरांनो, इडलीबरोबरचं नाही, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

साठवण

काचेची बाटली, घट्ट झाकण, अंधारी जागा. गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, ती घरातली सगळ्यात गरम जागा. ओला चमचा नाही, आणि वाफ निघणाऱ्या कढईवर बाटली उपडी करून मसाला झटकायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग उघडा, नाही तर आत दव धरतं. बाटलीवर दळल्याची तारीख लिहा. फाईलला तारीख देता, मसाल्याला काहून नाही?

श्रोत्यांचे प्रश्न

*हॉस्टेलवर मिक्सर नाही, काय करू?* लोखंडी किंवा दगडी खलबत्ता घे. मिरे, जिरे, धणे भाजून कुटले तर पाच मिनिटांचं काम. जाडसर राहिलं तरी चालतं. नोकरदार माणसाला रोज एका भाजीपुरतं पुरतं.

*घरच्या मसाल्याला पाकिटासारखा लाल रंग येत नाही.* तो मिरचीवर ठरतो. रंगासाठी ब्याडगीसारखी कमी तिखट मिरची आणि झणझणीतपणासाठी दुसरी, असं मिसळ. मिरचीचा बहुतेक तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांत असतो. शिरा-बिया काढल्या तर तिखट कमी होतं आणि रंग तसाच राहतो.

*हे सगळं करायला वेळ कुणाला आहे?* भाजणं पंधरा मिनिटं, थंड होणं अर्धा तास, दळणं दहा मिनिटं. पंधरा दिवसांतून एकदा. थंड होताना तर आपला एक एपिसोड ऐकून होतो.

जाता जाता एक काम

प्रमाण वर मी ग्रॅममध्ये दिलं, पण आपल्या घरांत ते ग्रॅममध्ये नसतं. ‘मूठभर धणे, दोन बोटांएवढी कलमी, वाटेल तेवढं दगडफूल’ असं असतं. ती मूठ आई-आजीची असते. ती कुठं लिहिलेली नाही. यादी इंटरनेटवर शंभर मिळतील, तुमच्या घराची मिळणार नाही.

म्हणून या वेळी घरी गेलात की एक छोटा वजनकाटा घेऊन जा. आई मसाला काढेल तेव्हा तिला मोजायला लावू नका. तिला तिच्या मुठीनंच काढू द्या. तुम्ही प्रत्येक ढीग काट्यावर ठेवा आणि आकडा फोनमध्ये लिहा. भाजताना ती ‘झालं’ म्हणते तेव्हा दाण्याचा रंग कसा होता, त्याचा फोटो काढा. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, म्हणजे एका फोनबरोबर हरवणार नाही. एका दुपारचं काम आहे.

तुमच्या घरी मसाल्यात काही वेगळं पडत असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवू. तोवर भाजा मंद आचेवर, दळा थांबून थांबून. चला, राम राम.